देणाऱ्याची लाज

यंदाच्या फाल्गुनांत आमच्या घरीं एका शब्दानें दोन दिवस मोठा गोंधळ उडवून दिला. तो शब्द म्हणजे 'मिनिस्ट्री'. आमच्या थोरल्या बंधूंची धाकटी कन्या गेल्या वर्षापासून अमेरिकेंतील एका जेझुइट विद्यापीठांत शिकत आहे. मार्च महिन्यांत तिकडे आठवडाभराची सुटी असते. त्या सुटींत आपण 'कॅम्पस मिनिस्ट्री'च्या मंडळींबरोबर वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत सेवेसाठीं जात आहों, असें तिनें सकाळच्या बोलण्यांत सहज सांगितलें. आमच्या वहिनींस मिनिस्ट्री म्हटलें कीं मुंबईचें मंत्रालय तेवढें ठाऊक. पोरगी राजकारणांत शिरली, असा त्यांचा प्रथम समज झाला. आम्हीं शब्दकोश काढून त्या शब्दाचा एक अर्थ धर्मोपदेशकाचें कार्य असा आहे हें सांगितलें, आणि तेव्हां घरांत पहिलीहून मोठी काळजी शिरली. थोरले बंधू कांहीं बोलले नाहींत. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हांस ओसरीवर बोलावून ते एवढेंच म्हणाले, "तूं संस्कृत शिकलेला. तूंच तिच्याशीं बोल."

एकत्र कुटुंबांत अवघड बोलणें कोणाच्या तरी वाट्यास येतेंच. आमच्या घरीं तें आमच्या वाट्यास येतें. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले, पुढें पाठशाळेंत व्याकरण व काव्य शिकून मास्तरकींत आयुष्य घालविलेले गृहस्थ. सेवानिवृत्त होऊन आम्हांस आठ वर्षें झालीं. आतां आमच्यापाशीं वेळ पुष्कळ आहे, हीच बहुधा या कामास लागणारी आमची मुख्य योग्यता असावी.

बोलण्यापूर्वीं माहिती करून घ्यावी, ही मास्तरांची जुनी खोड. इग्नेशियस लोयोला याच्या या संघास पोपची मान्यता मिळाली १५४० मध्यें. आणि दोनच वर्षांनीं त्यांतील फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरला. त्या काळच्या गोव्याच्या इतिहासांत सक्तीच्या धर्मांतराचीं पानें आहेत, आणि तीं कोणास पुसतां येण्यासारखीं नाहींत. पण त्याच संघांतील थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानें मराठी इतकी आपलीशी केली कीं 'क्रिस्तपुराण' हा मोठा ओवीबद्ध ग्रंथ त्यानें तींत रचिला, आणि तो १६१६ मध्यें छापलाही गेला. मुंबईचें सेंट झेवियर कॉलेज याच संघानें १८६९ मध्यें काढलें. आमच्यासारख्या किती तरी घरांतील मुलें तेथें शिकून, घरचे देव न सोडतां, मोठ्या योग्यतेस चढलीं. तेव्हां आमच्या घराची भीति अगदींच निराधार नव्हती, आणि अगदींच साधारही नव्हती.

अमेरिकेंत या संघाचीं सत्तावीस विद्यापीठें व कॉलेजें आहेत. त्यांतील कॅम्पस मिनिस्ट्री म्हणजे विद्यार्थ्यांच्या धर्मजीवनाकडे पाहणारा विभाग. उपासना चालविणें, एकांतवासाचीं शिबिरें भरविणें, दुःखांत सांपडलेल्या मुलास धीर देणें, आणि सेवेचे कार्यक्रम आंखणें, हीं त्याचीं कामें. इतर धर्मांच्या मुलांचीही सोय तेथें आतां पाहतात. वॉशिंग्टन शहरांतील जॉर्जटाउन हें त्यांचें सर्वांत जुनें विद्यापीठ. त्यानें २०१६ मध्यें हिंदु विद्यार्थ्यांसाठीं एका हिंदु धर्मगुरूची नेमणूक केली. हें वाचून वहिनींचा जीव थोडा खालीं बसला.

मुलगी डोंगरांतून परत आल्यावर एका रविवारीं आम्ही तिच्याशीं बोललों. आमचा पहिला प्रश्न तयारच होता. "तुला त्यांनीं प्रार्थनेस बसविलें काय?"

"बसविलें नाहीं, काका. मीच बसलें," ती म्हणाली. "रोज रात्रीं सगळे गोलांत बसत असूं. ज्याला ख्रिस्ताचें नांव घ्यावयाचें तो घेई, ज्याला गप्प बसावयाचें तो गप्प बसे. मी आजीची रामरक्षा जेवढी आठवे तेवढी मनांत म्हणें. पण त्या बैठकींत प्रार्थना थोडी आणि प्रश्नच फार."

मग तिनें सगळी हकीकत सांगितली. तो प्रदेश कोळशाच्या खाणींचा. गेल्या शतकाच्या चाळिशींत वेस्ट व्हर्जिनियांत लाखावर खाणकामगार होते. यंत्रें आलीं, कोळशाची मागणी घटली, आणि आतां तेथें वीस हजारही उरलेले नाहींत. त्या मुलांच्या वाट्यास एका वृद्ध खाणकामगाराचें घर आलें होतें. कोळशाच्या धुळीनें त्याचीं फुप्फुसें निकामी झालेलीं. दहा पावलें चालला कीं धाप लागे. घराच्या ओसरीच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवावयाच्या, आणि चाकाची खुर्ची खालीं नेतां येईल असा उतरता लांकडी मार्ग करावयाचा, एवढें काम. ज्या मुलीनें घरीं कधीं खिळा ठोकला नाहीं ती चार दिवस करवत चालवीत होती, हें ऐकून आम्हांस हसूं आलें. पण तिनें पुढें जें सांगितलें त्यानें आमचें हसूं मावळलें.

तिसऱ्या दिवशीं त्या म्हाताऱ्यानें मुलांस विचारलें, तुम्हांस येथवर येण्यास प्रत्येकीं किती खर्च आला? मुलांनीं आंकडा सांगितला. तो शांतपणें म्हणाला, तेवढ्या पैशांत आमच्या गांवच्या सुतारांस महिनाभर काम मिळालें असतें, आणि त्यांच्या हातून उतारही वांकडा झाला नसता.

"मग तुम्हीं काय केलें?" आम्हीं विचारलें.

"त्या रात्रीं त्यावरच बोललों. आमच्या पुढारीण बाईंनीं तो प्रश्न टाळूं दिला नाहीं. आज काय पाहिलें, तें तसें कां आहे, आणि त्यांत मी कोठें आहें, हे तीन प्रश्न रोज प्रत्येकानें स्वतःस विचारावयाचे. दोन मुली रडल्या. एक मुलगा रागावला. म्हणाला, मग आम्हीं यावयाचेंच नाहीं काय? कोणापाशींच उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं हातोड्या खालीं ठेवून आम्हीं आजोबांची सगळी हकीकत ऐकली."

दिवसाच्या शेवटीं दिवसाचा झाडा घेण्याची ही रीत त्या संघाची जुनीच आहे. इग्नेशियसनें आपल्या साधकांस ती घालून दिली: प्रथम कृतज्ञता, मग दिवसाचें अवलोकन, मग चुकीची खंत, आणि उद्यांचा निश्चय. आमच्याकडे निजतांना देवाचें नांव घेऊन झाल्यागेल्याची क्षमा मागतात. परंतु 'तें तसें कां आहे' हा मधला प्रश्न त्यांत नसतो. नव्या काळांत त्यांनीं आपल्या जुन्या रीतींत तो घातला, हें विशेष.

आणि त्या प्रश्नाचें त्या डोंगरांत उत्तरही आहे. २० नोव्हेंबर १९६८ रोजीं तेथील फार्मिंग्टनच्या खाणींत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. पुढच्या फेब्रुवारींत वेस्ट व्हर्जिनियाच्या सुमारें चाळीस हजार कामगारांनीं काम बंद ठेविलें, तेव्हां प्रथम राज्याचा आणि मग त्याच १९६९ सालीं सबंध देशाचा कायदा झाला, आणि फुप्फुसांच्या या रोगास भरपाई मिळूं लागली. त्या म्हाताऱ्यास मिळणारी मासिक रक्कम ही कोणाच्या दयेची भिक्षा नव्हे. त्याच्या पिढीनें उभें राहून मिळविलेला तो हक्क आहे. उतार बांधून देणें ही सेवा. ती भरपाई मिळणें हा न्याय. दोहोंची गरज आहे, पण दोन्ही एक नव्हेत, हें आमच्या पुतणीस चार दिवसांत उमगलें.

योगायोग असा कीं त्याच १९६९ सालीं, २४ सप्टेंबर रोजीं, महात्माजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानें आपल्या देशांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सदतीस विद्यापीठें आणि चाळीस हजार विद्यार्थी हा तिचा आरंभ होता. तिच्यांत मुलांस दोन वर्षांत दोनशें चाळीस तास सेवा करावी लागते, आणि गांवांत जाऊन सात दिवसांचें शिबिर असतें. मुलें आपल्याकडेही फावडीं उचलतात. बाबा आमट्यांनीं चंद्रपूर जिल्ह्यांत सोमनाथ येथें सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणींत तर सकाळीं श्रम आणि मग विचारांची देवघेव, हा क्रम ठरलेलाच. तेव्हां ही विद्या परकी आहे असें मुळींच नाहीं. ती फक्त सर्वत्र पोंचलेली नाहीं. आमच्या शाळेंत तर नव्हतीच. पण तें पुढें सांगतों.

रात्रीं आम्हीं बंधूंस सगळें निवेदन केलें. त्यांनीं तें लक्षपूर्वक ऐकलें, आणि मग त्यांचा आक्षेप काढला. "सेवा ही त्यांची गळाची आमिषवडी आहे. आज फळ्या बसवितील, उद्यां मनें वळवितील."

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. भुकेल्यास अन्न देऊन त्याच्या देवावर हक्क सांगणें हें पाप आहे, मग तें कोणीही करो. पण या संघाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या वाटचालींत आम्हांस कांहीं निराळेंही आढळलें, तें आम्हीं बंधूंस सांगितलें. पेद्रो अरुपे हे त्यांचे मुख्य अधिकारी. १९४५ मध्यें हिरोशिमावर बाँब पडला तेव्हां ते शहराच्या कडेस राहत होते. वैद्यकाचें कांहीं शिक्षण झालेलें असल्यामुळें मठाचेंच रुग्णालय करून त्यांनीं होरपळलेल्या माणसांची शुश्रूषा केली. पुढें ३१ जुलै १९७३ रोजीं स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथें जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढें ते बोलले. श्रोते बहुतेक सुखवस्तु. दुसऱ्यांसाठीं जगणारीं माणसें घडविणें हें आमच्या शिक्षणाचें ध्येय असलें पाहिजे, असें सांगून त्यांनीं स्वतःसच विचारलें, तुम्हांस आम्हीं न्यायासाठीं शिकविलें काय? आणि नाहीं, असें उत्तरही स्वतःच दिलें. शाळांच्या धन्यानें आपल्याच विद्यार्थ्यांपुढें उभें राहून आपण शिकविण्यांत कमी पडलों असें कबूल करणें, हें किती अवघड आहे तें मास्तरांसच कळेल.

दोन वर्षांनीं त्यांच्या संघानें श्रद्धेची सेवा आणि न्यायाचा पुरस्कार हीं परस्परांपासून वेगळीं करतां येत नाहींत, असा ठराव केला. त्याची किंमतही त्यांस द्यावी लागली. मध्य अमेरिकेंतील एल साल्व्हाडोर देशांत यादवी युद्ध चालू असतां, गरिबांची बाजू मांडणाऱ्या तेथील विद्यापीठांतील सहा जेझुइट अध्यापकांस, त्यांच्या स्वयंपाकिणीस आणि तिच्या कोवळ्या मुलीस १६ नोव्हेंबर १९८९ च्या रात्रीं सरकारी सैनिकांनीं ठार मारलें. त्या सैन्यांतील एका माजी कर्नलास स्पेनच्या न्यायालयानें शिक्षा ठोठावली ती २०२० मध्यें. त्या आठांच्या स्मरणार्थ अमेरिकेंतील जेझुइट शाळा-कॉलेजांचे विद्यार्थी दर वर्षीं शरद्‌ऋतूंत एकत्र जमतात आणि आपल्या लोकप्रतिनिधींस भेटून न्यायाचीं गाऱ्हाणीं मांडतात. नुसतें आमिष म्हणून कोणी एवढें मोल देत नाहीं.

याहूनही एक गोष्ट आम्हांस अधिक लागली. वर जॉर्जटाउनचें नांव आलेंच आहे. १८३८ मध्यें तेथल्या जेझुइटांनीं आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम माणसें, मुलांबाळांसह, लुइझियानांत विकून टाकलीं, आणि त्या पैशाचा कांहीं भाग त्या कॉलेजचें कर्ज फेडण्यांत गेला. विद्यापीठाच्या इमारतींस त्या विक्रीशीं निगडित पाद्र्यांचीं नांवें होतीं. विद्यार्थ्यांनीं आवाज उठविल्यावर तीं काढलीं गेलीं. एप्रिल २०१९ मध्यें विद्यार्थ्यांनीं मतदान करून ठरविलें कीं त्या माणसांच्या वंशजांसाठीं आपण प्रत्येकीं दर सत्रास २७ डॉलर २० सेंट द्यावे. विद्यापीठानें तो कर तसाच लाविला नाहीं. पण त्याऐवजीं वर्षास चार लाख डॉलरांचा निधि देण्याचें मान्य केलें. ज्यांनीं 'तें तसें कां आहे' हें विचारावयास मुलांस शिकविलें, त्यांच्याच दारावर तो प्रश्न येऊन थडकला. तसें होणारच. प्रश्नास आपलें आणि परकें कळत नाहीं.

बंधूंचें समाधान झालें असें आम्ही म्हणत नाहीं. "पाहूं," एवढें म्हणून ते उठले. तेंही पुष्कळ होतें.

पण एक गोष्ट आम्हीं त्यांस सांगितली नाहीं. बोलणें संपतां संपतां मुलीनें आम्हांस विचारलें होतें, "काका, आजी सांगायची कीं तुम्ही पाठशाळेंत असतांना वार लावून जेवत होतां. मग तुम्हांस कसें वाटे?"

आम्ही वार जेवलों हें घरांत सर्वांस ठाऊक आहे. कसें वाटे, हें पन्नास वर्षांत कोणी विचारलें नव्हतें. आम्हीं "बरें वाटे" असें सांगून दूरध्वनि ठेविला; आणि त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

सात वार, सात घरें. सर्वांनीं आम्हांस जेवूं घातलें, आणि त्या अन्नावर आम्ही शिकलों; त्या उपकाराचें विस्मरण आमच्या हातून कधींही न घडो. त्यांतील शुक्रवारचें घर सर्वांत संपन्न. तेथें पान वाढलेलें असे माजघराबाहेरच्या बोळांत, जिन्याखालीं. अन्न भरपूर, तूपही सढळ. पण तीन वर्षांत त्या घरांतील कोणीं आमचें नांव विचारलें नाहीं. आंतून आवाज येई, "शुक्रवार आला, वाढा." तीन वर्षें आम्ही त्या घरीं शुक्रवार होतों. बुधवारचें घर एका विधवा आजींचें. तेथें भाजी एकच, आणि ताक पातळ. पण जेवण झालें कीं आजी चष्मा फुटल्याचें निमित्त सांगून मुलाचें पत्र आमच्याकडून वाचून घेत, आणि उत्तरही आमच्याकडूनच लिहवीत. चष्मा फुटलेला नव्हता, हें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं कळलें. ज्याला दिलें त्याच्याकडून कांहीं घेतलेंही पाहिजे, नाहीं तर तो मान वर करूं शकत नाहीं, हें त्या बाईंस कोणत्या विद्यापीठानें शिकविलें होतें?

इतकें ज्यानें भोगलें, त्यानें पुढें शहाणें व्हावें कीं नाहीं? आम्ही झालों नाहीं. आम्ही मास्तर असतांना एका गांधीजयंतीस आमचा वर्ग गांवाच्या खालच्या अंगास असलेल्या दलित वस्तींत सफाईस नेला. मुलांच्या हातीं झाडू, आमच्या हातीं भाषणाचा कागद, आणि एक छायाचित्रकार. आम्हीं स्वच्छतेचें महत्त्व सांगितलें. त्या वस्तींत नळ एकच होता आणि गटार मुळींच नव्हतें; तें कां नव्हतें, हें आम्हीं कोणास विचारलें नाहीं, स्वतःसही नाहीं. आमच्याच वर्गांतील एक मुलगा त्या वस्तींतला होता. तोही रांगेंत होता. त्याच्या हातीं झाडू होता, आणि तो आपल्याच घरापुढची जमीन झाडीत होता. दारांत त्याची आई उभी राहून पाहत होती. त्यानें एकदांही वर पाहिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. आम्हीं हजेरीपत्रकांत फुली मारली आणि धडा पुढें चालू केला.

वाचकहो, तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली आम्हीं घरीं जमणाऱ्या मुलांस कित्येक वर्षें शिकविली. विद्या पूर्ण करून घरीं निघालेल्या शिष्यास गुरु तेथें जो उपदेश करितो, त्यांत दान कसें द्यावें हें सांगतांना श्रद्धेबरोबर लाजेचाही उल्लेख आहे. लाज घेणाऱ्यास वाटते. देणाऱ्यानें ती कां बाळगावी? मुलें विचारीत, आणि आम्ही 'लाज म्हणजे विनय' असें सांगून पुढें जात असूं. व्याकरणानें तें चुकीचें नव्हे. पण आतां आम्हांस वाटतें कीं ऋषींस त्याहून कांहीं अधिक म्हणावयाचें असेल. माझ्यापाशीं आहे आणि त्याच्यापाशीं नाहीं, हें आपोआप झालेलें नाहीं. त्याला कारण आहे, आणि त्या कारणांत माझा, माझ्या घराचा, माझ्या पूर्वजांचा कांहीं अंश असेल. म्हणून देतांना मान खालीं असावी. ज्याची ती मान खालीं जाईल तो घेणाऱ्याचें नांव विचारल्यावांचून राहणार नाहीं, आणि नळ एकच कां, हेंही विचारील. आम्हीं त्या दिवशीं वस्तींत सगळें नेलें होतें, ही एक लाज तेवढी न्यावयाची राहिली.

आमची पुतणी ख्रिस्ती झालेली नाहीं, आणि होईल असें चिन्हही आम्हांस दिसत नाहीं. पण परक्या देशांत, परक्या धर्माच्या माणसांत चार रात्री बसून ती जो प्रश्न घेऊन आली, त्यानें आमच्या घरचाच एक मंत्र आम्हांस नव्यानें शिकविला, हें आम्हीं मोकळेपणीं कबूल केलें पाहिजे.

तो मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. तालुक्याच्या गांवीं एस. टी. स्थानकासमोर त्याचें विजेच्या सामानाचें दुकान आहे, असें परवां एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलें. बसनें तासाभराची वाट. अक्षय्य तृतीया झाली कीं आम्ही जाणार आहों. त्यास आम्ही आठवत असूं कीं नाहीं, आणि आठवत असलों तर तो बस म्हणेल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. काय बोलावें, तेंही अजून ठरलें नाहीं. हातांत कांहीं घेऊन जावयाचें नाहीं, एवढें मात्र ठरलें आहे.